पाझरते काँक्रीट आणि त्यातील पर्यायी खडी
(शाळेच्या पटांगणाच्या फरसबंदीविषयी शिक्षकांसाठी)

गेल्या काही वर्षांत गंगाखेड तालुक्यातीलच नव्हे, तर एकंदर मराठवाड्यातील अनेक प्राथमिक शाळांच्या पटांगणांत सिमेंटचे ठोकळे किंवा सरसकट काँक्रीट अंथरले गेले आहे. त्यामागील हेतू चांगला आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की काळ्या मातीच्या पटांगणाचे काय होते, हे या भागातील शिक्षकास सांगावे लागत नाही. मुलांच्या पायांना चिखलाचे लगदे चिकटतात, वर्गाचा उंबरठा चिखलाने भरतो आणि प्रार्थना व्हरांड्यात दाटीवाटीने उरकावी लागते. फरसबंदीने हा त्रास पुष्कळसा मिटतो. परंतु पटांगणावर पडणारे पाणी पूर्वी निदान काही प्रमाणात जमिनीत जात असे, ते आता सबंध वाहून रस्त्यावर, शेजाऱ्याच्या अंगणात किंवा शाळेच्याच पायाशी जाते. चिखल टळावा आणि पाणीही मुरावे, अशी काही सोय आहे काय, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून ज्या काँक्रीटचा विचार सर्वत्र होत आहे, त्याची माहिती प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे. शाळा व्यवस्थापन समितीचे सचिवपद मुख्याध्यापकाकडे असल्यामुळे असा प्रश्न बैठकीत निघाला, तर सर्वांच्या नजरा त्यांच्याकडेच वळतात. तेव्हा या विषयाचे गुण आणि दोष दोन्ही ठाऊक असणे हितावह आहे.

साध्या काँक्रीटमध्ये सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी असते. खडीच्या तुकड्यांमधील पोकळी वाळूने भरते, वाळूच्या कणांमधील पोकळी सिमेंटने भरते आणि सर्व मिळून दगडासारखा भरीव पदार्थ तयार होतो. पाझरत्या काँक्रीटमध्ये वाळू मुळीच घालीत नाहीत, किंवा घातलीच तर अगदी नाममात्र. खडीही एकाच आकाराची घेतात. मग सिमेंटचा लेप प्रत्येक खड्याभोवती बसतो आणि खडे जेथे एकमेकांस टेकतात तेवढ्याच जागी जोडले जातात. मधल्या पोकळ्या मोकळ्या राहतात व एकमेकींत उघडतात. राजगिऱ्याचा नव्हे, तर चुरमुऱ्याचा लाडू डोळ्यांपुढे आणावा. पाक चुरमुऱ्यांना जोडतो, मधल्या जागा मात्र भरत नाही. चांगल्या पाझरत्या काँक्रीटमध्ये एकूण घनफळाच्या १५ ते २५ टक्के भाग अशा पोकळ्यांचा असतो.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८५२ साली बिनवाळूच्या काँक्रीटची घरे बांधल्याची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सिमेंटची टंचाई असताना ब्रिटनमध्ये व युरोपात अशा काँक्रीटच्या भिंतींची घरे मोठ्या संख्येने उभी राहिली, कारण त्यास सिमेंट कमी लागते. पाणी मुरविण्यासाठी फरसबंदीत त्याचा उपयोग करण्याची चाल मागाहूनची. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९७० च्या दशकात तिला विशेष चालना मिळाली.

पाणी किती वेगाने जाते? नव्या, नीट केलेल्या लादीतून सेकंदाला २ ते ५ मिलिमीटर या वेगाने पाणी उतरते. हा आकडा लहान दिसतो, म्हणून तो मुलांकडून पावसाच्या मापात बदलून घ्यावा. सेकंदाला २ मिलिमीटर म्हणजे मिनिटाला १२० मिलिमीटर. तासाला ६० मिलिमीटर पडणाऱ्या पावसास आपण मुसळधार म्हणतो, आणि तो मिनिटाला अवघा १ मिलिमीटर असतो. म्हणजे लादी पावसाच्या १२० पट वेगाने पाणी घेऊ शकते. धुळीने तिची क्षमता दहाव्या हिश्शावर आली, तरी मुसळधार पावसाला ती बारा पटीने पुरून उरेल. यावरून एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की अडचण लादीत सहसा नसते. ती लादीच्या खाली असते. तिचा विचार पुढे केला आहे.

वाळू लागत नाही ही गोष्ट गंगाखेडसारख्या गावी किरकोळ समजू नये. संत जनाबाईंचे हे गाव गोदावरीच्या काठी वसलेले आहे, आणि नदीकाठच्या गावांना वाळू म्हणजे काय हे दोन्ही अर्थांनी ठाऊक आहे. बांधकामास ती हवी असते, आणि नदीलाही ती हवी असते. पात्रातील वाळूचा थर पाणी धरून ठेवतो व काठच्या विहिरींना ते हळूहळू पोचवितो. वाळू उपसली गेली की पात्र खोल होते आणि उन्हाळ्यात आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. पटांगणासारखे काम वाळूवाचून होत असेल, तर तेवढा भार नदीवरून उतरला.

आता खडीकडे वळू. आपल्या भागात खडी म्हणजे काळ्या पाषाणाची खडी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले, त्याचाच हा बेसाल्ट खडक. तो कठीण आहे, पाणी जेमतेम एक-दोन टक्के शोषतो, आणि काँक्रीटला त्याहून चांगली खडी शोधूनही सापडणार नाही. मग पर्याय का शोधावयाचा? एक तर खडी म्हणजे कुठल्या तरी टेकडीला लावलेला सुरुंग आणि कुठल्या तरी रस्त्यावरचे ट्रक. दुसरे असे की शाळेच्या आवारातच पुष्कळदा फुकटचा माल पडलेला असतो, आणि तो उचलून नेण्यासच उलट पैसे मोजावे लागतात.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील शाळाखोल्या अनेक गावांत अलीकडपर्यंत वापरात होत्या. मोडकळीस आल्यामुळे त्या पाडून नव्या बांधण्याचे काम ठिकठिकाणी झाले आहे व होत आहे. अशी खोली पाडली की घडीव दगड गावात कोणी ना कोणी मागून नेतो, आणि उरतो तो विटांचा, चुन्याचा, जुन्या काँक्रीटच्या ओट्यांचा ढिगारा. तो वर्षानुवर्षे कोपऱ्यात राहतो, त्यावर तण माजते व विंचूकाट्याची सोय होते. बांधकामाचा राडारोडा उचलावा, वेगळा करावा व पुन्हा वापरावा, अशा अर्थाचे नियम केंद्र सरकारने २०१६ साली केले. त्याच वर्षी काँक्रीटच्या खडीविषयीच्या भारतीय मानक ३८३ ची सुधारित आवृत्ती निघाली, आणि नैसर्गिक दगडाखेरीज इतर पदार्थांपासून केलेल्या खडीला तीत प्रथमच मर्यादित मुभा मिळाली. जुने काँक्रीट फोडून काढलेली खडी साध्या, लोखंड नसलेल्या काँक्रीटमध्ये एकूण भरड खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत चालते. हलक्या प्रतीच्या, म्हणजे एम-१५ हून कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये सर्वच्या सर्व चालते. वीट-चुना मिसळलेल्या राड्यारोड्याची खडी मात्र केवळ या हलक्या प्रतीच्या काँक्रीटमध्येच वापरावी, असे मानक सांगते.

विटांच्या तुकड्यांची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. बंगालच्या खालच्या गाळाच्या मुलखात दगड दुर्मिळ. तेथे आणि आजच्या बांगलादेशात पक्क्या विटा फोडून त्यांची खडी काँक्रीटमध्ये घालण्याची रीत फार जुनी व सर्रास आहे. महायुद्धानंतर जर्मनीतील बेचिराख शहरांत विटांच्या ढिगाऱ्यांपासून खडी करून घरे बांधली गेली. तेव्हा विटांचे काँक्रीट म्हणजे दरिद्री माणसाची खटपट असे मानण्याचे कारण नाही. तरी प्रत्येक वीट त्यासाठी योग्य नसते. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत नाद यावा. बद्द आवाज येणारी, नखाने ओरखडा निघणारी, पिवळट कच्ची वीट पाण्यात राहून मऊ पडते व खडा कुसकरतो. भट्टीत जास्त भाजून काळपट झालेल्या वेड्यावाकड्या खंगर विटा बांधकामाला नकोशा असतात, पण खडीसाठी त्याच उत्तम.

विटेचा मुख्य दोष तिची तहान. काळ्या दगडाची खडी शंभर किलो असली तर ती किलो-दोन किलो पाणी पिते. जुन्या काँक्रीटची खडी, तिच्यावर जुन्या मसाल्याचे थर असल्यामुळे, तीन ते आठ किलो पिते. विटेची खडी दहापासून वीस किलोंपर्यंत मजल मारते. कोरडी वीट काँक्रीटमध्ये टाकली की सिमेंटसाठी मोजून घातलेले पाणी तीच ओढून घेते, लेप कोरडा पडतो व खडे सुटे राहतात. यावर उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी खडी पाण्यात बुडवून ठेवावी आणि वापरण्यापूर्वी निथळून पृष्ठभाग कोरडा होऊ द्यावा. ही तहान मोजण्याचा प्रयोग सातवीच्या वर्गात सहज करता येतो. वाळलेले खडे तागडीत तोलावेत, चोवीस तास पाण्यात ठेवावेत, फडक्याने टिपून पुन्हा तोलावेत, आणि वाढलेल्या वजनाचे शेकडा प्रमाण काढावे. शेकडेवारीचे याहून बोलके उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण.

दुसरा प्रयोग पोकळीचा. एक बादली एकाच मापाच्या खडीने काठोकाठ भरावी आणि लिटरच्या मापाने मोजून पाणी ओतावे. बादलीच्या सुमारे ४० टक्के पाणी मावते. आता मोठी खडी घेऊन तोच प्रयोग करावा. मुले साहजिकच म्हणतील की मोठ्या खड्यांत पोकळी अधिक असणार. प्रत्यक्षात उत्तर जवळजवळ तेच येते. परंतु मोठी व बारीक खडी एकत्र केली की पोकळी एकदम घटते, कारण बारीक खडे मोठ्यांच्या मधे जाऊन बसतात. एकाच आकाराची खडी का हवी, हे यानंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पर्यायी खडीच्या यादीत औष्णिक केंद्राच्या राखेचे नाव नेहमी निघते, आणि परळी वैजनाथचे केंद्र आपल्यापासून लांब नाही. येथे दोन राखांत गल्लत होऊ नये. धुराबरोबर जाणारी पिठासारखी बारीक राख खडी होऊ शकत नाही. ती सिमेंटमध्ये मिसळतात. बाजारात पीपीसी म्हणून मिळणाऱ्या सिमेंटच्या पोत्यात ती आधीच १५ ते ३५ टक्के असते. भट्टीच्या तळाशी उरणाऱ्या भरड राखेला मानकाने खडी म्हणून जागा दिली आहे, पण ती केवळ हलक्या काँक्रीटमध्ये व २५ टक्क्यांपर्यंतच. साखर कारखान्यातील चिपाडाची राखही खडी नव्हे. शाळेच्या कामापुरते पाहता वीट आणि जुने काँक्रीट हे दोनच पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत, असे माझे मत आहे.

राडारोडा निवडताना माती, लाकूड, चुन्याचे ढेकळे व पीओपीचे तुकडे काढून टाकावेत. ॲसबेस्टॉस सिमेंटचे जुने पत्रे तर कोणत्याही कारणाने फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते. खडी फोडण्याचे काम मुलांकडून करवून घेऊ नये. त्यांनी तोलावे, मोजावे, नोंदी ठेवाव्यात. ओले सिमेंट कातडी जाळते, म्हणून तेही त्यांच्या हाती देऊ नये.

आता जमिनीच्या अडचणीकडे यावयाचे. अमेरिकेत वा किनारपट्टीवर जेथे अशी फरसबंदी यशस्वी झाली तेथील जमीन बहुधा रेताड आहे. आपली जमीन काळी. तिच्यातील मोंटमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज पाण्याने फुगते व सुकले की आकसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिले पाणी त्या भेगांतून गटागटा उतरते, आणि एकदा माती फुगून भेगा मिटल्या की तासाला एखादा मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी पाणी आत जाते. अशा मातीवर थेट पाझरती लादी टाकली तर पाणी लादीतून तत्परतेने उतरेल, मातीवर थबकेल, माती फुगेल, आणि दोन-तीन वर्षांत लादीला उंचवटे येऊन ती तडकेल. काळ्या जमिनीवर पाझरते काँक्रीट चालतच नाही असे काही जण म्हणतात ते यामुळेच. ते म्हणणे सर्वस्वी खरे नाही, परंतु खालची तयारी न करता केलेल्या कामापुरते शंभर टक्के खरे आहे.

तयारी अशी. काळी माती निदान दीड-दोन फूट काढावी. खाली मुरूम लागला तर उत्तमच, कारण पाणी मुरूमच झिरपू देतो. न लागल्यास बाहेरून मुरूम आणून त्याचा थर दाबून घ्यावा. त्यावर जिओटेक्स्टाइल नावाचे गाळणकापड अंथरावे, म्हणजे माती वर चढत नाही. त्यावर दीड इंची स्वच्छ खडीचा, चुरा नसलेला, २० सेंटिमीटरचा थर द्यावा. हा थर म्हणजे लादीखालची टाकी. तिच्या तळाशी, उताराच्या बाजूस, छिद्रे पाडलेला नळ ठेवून तो आवाराबाहेरच्या शोषखड्ड्यात सोडावा. शोषखड्डा काळ्या थराच्या खाली मुरमापर्यंत गेलेला असावा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे करून सांडपाणी गावातच जिरविले, हे आपणांपैकी अनेकांनी ऐकले असेल. तेच तंत्र येथे पावसाच्या पाण्यासाठी वापरावयाचे.

टाकीचा हिशेब करून पाहू. पटांगण २० मीटर लांब व १५ मीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर होते. २५ मिलिमीटर पाऊस झाला की त्यावर ७,५०० लिटर पाणी पडते. दहा सेंटिमीटर जाडीच्या लादीत २० टक्के पोकळी, म्हणजे २० मिलिमीटर पाणी मावते. खालच्या २० सेंटिमीटरच्या थरात ४० टक्के पोकळी, म्हणजे ८० मिलिमीटर. मिळून १०० मिलिमीटर, म्हणजेच ३०,००० लिटर. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ८०० ते ९०० मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा एका मोठ्या पावसाचे पाणी ही टाकी सहज पोटात घेईल. परंतु ते काळ्या मातीवरच सोडले तर ८० मिलिमीटर पाणी उतरण्यास तासाला एक मिलिमीटर या दराने ८० तास लागतील. लादीखाली पाणी तीन दिवसांहून अधिक साचू नये असा संकेत आहे. नळ आणि शोषखड्डा हवा तो याकरिता. पटांगण उतरते असेल तर सर्व पाणी खालच्या कडेस जमते, तेव्हा टाकीच्या थरात आडव्या बांधासारख्या पट्ट्या घालाव्या लागतात.

काही ठिकाणी हे काम करूच नये. वर्गखोलीच्या भिंतीलगत तीन मीटरच्या आत नको, कारण पायाखालची काळी माती फुगली तर भिंत फाटते. हातपंपाजवळ किंवा जेथे सांडपाणी वाहून येते अशा जागी नको, कारण घाण पाणीही तितक्याच वेगाने खाली जाईल. गोदावरीच्या पुराचे पाणी जेथे चढते तेथेही नको. एकाच पुराचा गाळ सर्व छिद्रे बुजवून टाकील. आणि ट्रॅक्टर-ट्रॉली जेथून जाते तो रस्ता तर मुळीच नको. पाझरत्या काँक्रीटची ताकद साध्याहून कमी असते. पोकळी, खडी व कसब यांप्रमाणे ती ३ पासून २८ मेगापास्कलपर्यंत कुठेही असू शकते. मुलांच्या पावलांना १० पुरेशी आहे. ट्रॉलीला नाही.

सर्व पटांगणाचा घाट एकदम न घालता एक मीटर लांबी-रुंदीचे व दहा सेंटिमीटर जाडीचे तीन चौकोन आधी करून पाहावेत. पहिल्यात सर्व खडी काळ्या पाषाणाची, दुसऱ्यात चौथा हिस्सा जुन्या काँक्रीटची, तिसऱ्यात चौथा हिस्सा खंगर विटांची. खडी अर्धा इंची, चाळून व धुऊन घेतलेली. एका चौकोनास १०० लिटर खडी, २५ लिटर म्हणजे सुमारे ३६ किलो सिमेंट आणि सुमारे ११ लिटर पाणी लागते. तिन्हींना मिळून दोन पोत्यांहून थोडे अधिक सिमेंट होते. खडी मापाने घ्यावी, वजनाने नव्हे. वीट दगडाहून हलकी असल्यामुळे वजनाने घेतली तर खड्यांची संख्या वाढते व सिमेंटचा लेप तेवढ्यांना पुरत नाही. पाण्याची परीक्षा मुठीत होते. मुठीत दाबलेला गोळा फुटू नये, आणि बोटांतून लेप गळूही नये. खड्यांवर ओलसर चकाकी दिसली की पाणी बरोबर झाले.

गवंड्याची मात्र आगाऊ समजूत घातली पाहिजे. घोटून गुळगुळीत करणे हा त्याचा अभिमानाचा विषय, आणि खडबडीत, छिद्रांची लादी सोडून जाणे त्यास आपल्या हाताची नाचक्की वाटते. तुम्ही पाठ फिरवलीत की तो मायेने वरून सिमेंटची राबडी फिरवील व सर्व छिद्रे बुजवून टाकील. घोटाई नाही, ठोकाठोक नाही, केवळ जड रूळ एक-दोनदा फिरवावयाचा, हे त्यास काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे व जवळ उभे राहावे. छिद्रांतून वारा खेळत असल्यामुळे हे काँक्रीट लवकर वाळते. वीस मिनिटांच्या आत ते प्लॅस्टिकने झाकून कडा दगडांनी दाबाव्यात व सात दिवस उघडू नये.

पुढची निगा झाडूची. ती नियमित हवी. वैशाखातील वावटळी सर्वांत अधिक धूळ आणतात, म्हणून मृगापूर्वी एकदा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लादी धुवावी. कडूनिंबाच्या झाडाखाली पालापाचोळा कुजू देऊ नये. सणावाराला हौसेने कोणी सारवण करू लागले, तर तेवढे मात्र आवर्जून थांबवावे.

लादी पाणी घेते की नाही, हे दरवर्षी दोनदा, मृगापूर्वी व दिवाळीनंतर, मोजावे. तीस सेंटिमीटर व्यासाचे, दोन्ही बाजूंनी उघडे पत्र्याचे कडे लादीवर ठेवून त्याची खालची कड ओल्या चिकणमातीने बंद करावी. आधी साडेतीन-चार लिटर पाणी ओतून लादी भिजवून घ्यावी. मग १८ लिटर पाणी असे ओतावे की कड्यात बोटभर पाणी सतत उभे राहील, आणि सर्व पाणी उतरण्यास लागलेला वेळ घड्याळाने मोजावा. दोन मिनिटे लागली तर वेग सेकंदाला सुमारे २ मिलिमीटर आहे. तिन्ही चौकोनांचे आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. वेळ वीस मिनिटांवर गेला तर फवाऱ्याने धुऊन पुन्हा मोजावे. धुऊनही तो उतरला नाही, तर तो चौकोन फोडावा. त्याची खडी पुढच्या चौकोनात चौथ्या हिश्शाने घालता येते.